सायरन वाजवू का?

३ ऑगस्ट, सकाळी ७
ग्रामपंचायतीने मला पूर-इशारा यंत्रणेचा प्रमुख केलं. अखेर योग्य माणूस सापडला. ओढ्याच्या पुलाला सेन्सर, शाळेवर सायरन. पाणी वाढलं की आपोआप वाजणार. संकल्प: ओढ्याकाठच्या वस्तीतल्या कुणाचं काडीचंही नुकसान होऊ द्यायचं नाही. रोज पहाटे पुलावर पाहणी.

६ ऑगस्ट
पाहणी नाही. गुडघा.

११ ऑगस्ट
सायरन वाजला. सगळी वस्ती शाळेत पळाली. ओढा कोरडा. वस्तीतल्या भीमाची म्हैस सेन्सरला अंग घासत होती. छबूबाई, जिचं घर ओढ्याला अगदी लागून आहे, चार शेळ्या ओढत सगळ्यांच्या आधी पोचली होती. म्हणाली, ‘भाऊसाहेब, म्हशीचा पूर लई मोठा हुता.’ लोक हसले. गाढवापुढे वाचली गीता.

१२ ऑगस्ट
विचार केला. दोष यंत्रात नाही, ‘आपोआप’मध्ये आहे. कचेरीत बत्तीस वर्षं माझ्या सहीशिवाय कागद हलला नाही. कंपनीच्या माणसाकडून सेटिंग बदलून घेतली. आता पाणी वाढलं की आधी माझ्या मोबाईलवर विचारणा येणार: ‘सायरन वाजवू का?’ मी ‘होय’ दाबलं तरच वाजणार. ही म्हणाली, तुमचा फोन लागला नाही तर? हिला प्रशासन कळत नाही.

२ सप्टेंबर
नगरहून बोलावणं. कार्यशाळेत माझं भाषण. विषय: ‘एका क्षणात इशारा’. कोट इस्त्रीला दिला. पाहणी नक्की सोमवारपासून.

१५ सप्टेंबर, सकाळी ८
निघालो. रात्रभर पाऊस, आभाळ अजून गच्च. ही म्हणाली, आजच जायला पाहिजे का? म्हटलं, सगळं गाव माझ्या खिशात आहे.

सायं. ५, परतीच्या वाटेवर, तिसगावची एसटी
भाषण अप्रतिम. टाळ्या. मध्येच कुणाचा फोन नको म्हणून मोबाईल बंद ठेवला होता. मग जेवण, मग फोटो. आत्ता चालू केला. ‘सायरन वाजवू का?’ एकोणीस वेळा. पहिली विचारणा सव्वाअकराची. क्षणाचाही विलंब न करता ‘होय’ दाबलं.

१६ सप्टेंबर
पाणी काल बारालाच वस्तीत शिरलं होतं. छबूबाईने ताट बडवत दारोदार फिरून सगळ्यांना शाळेत नेलं. माणसं सगळी वाचली. संध्याकाळी पाणी ओसरलं, लोक घरातला गाळ काढायला लागले, तेवढ्यात सायरन वाजला. पुन्हा सगळे शाळेकडे पळाले. त्यात भीमा घसरून पडला, पाय मोडला. पुरात जखमी झालेला तो एकटाच, आणि तोही सायरनमुळे.

१७ सप्टेंबर
छबूबाईकडे गेलो. नुसते खुंटे. चारही शेळ्या बांधलेल्या जागीच बुडाल्या. ती वस्तीच्या दुसऱ्या टोकाला लोकांना घराबाहेर काढत होती, तेवढ्यात पाण्याने तिची वाट अडवली. मला फार लाज वाटली. ती म्हणाली, ‘वाजला आसता तर मी सोडल्या आसत्या. पन तुमी तरी काय करनार, भाऊसाहेब? तुमी गावात न्हवता.’

मी म्हणालो, रेंज नव्हती.

ती ‘व्हय’ म्हणाली आणि मला चहा ठेवला.

रेंज होती.