ऐंशी फुलांचा घोर

बुधवार, दुपारचे तीन
(ओव्हन बंद आहे. आत्ताच तिसऱ्यांदा पाहून आलो.)

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. आठांपैकी सात अंगं टेकवली आहेत असं समजून घे. उजवा हात मनगटातून वळत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला का? तुझ्या बेकरीतल्या नव्या भट्टीचं दार नीट लागायला लागलं का? (हे मी मनापासून विचारतो आहे. भट्टीच्या दाराबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदाच आस्था वाटते आहे.) इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी भावजय क्षेम आहे, तुझी भाची तर फारच क्षेम आहे, फक्त मीच काय तो शनिवारपासून क्षेम नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तू आधी हसतेस आणि मग ऐकतेस, आणि तुझं हसणं फोनमधून बाहेर पडून थेट स्वयंपाकघरात पोचतं. म्हणून पत्र. वाचताना हसलीस तरी मला कळणार नाही.

तर लग्न अकरा दिवसांवर आलं. हॉल ठरला, कपडे झाले, खुर्च्यावाला दोनदा येऊन खुर्च्यांबद्दल बोलून गेला. राहिलंय ते एकच काम, आणि ते माझ्याकडे आहे. झालं असं की गेल्या शनिवारी व्याही-विहीण चहाला आले होते, आणि पाहुण्यांना जाताना हातात काय द्यायचं हा विषय निघाला. तुझ्या भाचीने मासिकातलं एक चित्र पुढे केलं. फुलाच्या आकाराच्या कुकी (मी बिस्किटं म्हणतो, ती रागावते) आणि त्यांवर फाँडंटच्या पाकळ्या. फाँडंट म्हणजे साखरेची ती कणकेसारखी मळलेली... पण हे मी कुणाला सांगतोय! असं कोण करून देणार, असं कुणीतरी म्हणालं, आणि तुझी भाची कपात बघत, हसत हसत म्हणाली, "बाबांनी अख्ख्या गावाचे दात केले, माझ्यासाठी मात्र हाताने कधी काही केलं नाही."

सगळे हसले. मीही हसलो. पण ताई, ते मला लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं. चौतीस वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे, मागच्या खोलीत, मेण आणि प्लास्टर यांच्यामध्ये बसून मी कवळ्या केल्या. तिचं बाहुलीचं घर दाजींनी करून दिलं, शाळेचे नकाशे तिच्या आईने काढले, आणि वाढदिवसाचा केक दरवर्षी तुझ्याकडून यायचा. मी काय केलं? मी घरी आल्यावर हात धुतले. तेव्हा मी भरल्या चहात जाहीर करून टाकलं की ऐंशीच्या ऐंशी मी करणार, स्वतःच्या हातांनी. तिने एकदम वर बघितलं. तिचा चेहरा असा काही झाला की आता मला मागे फिरता येत नाही. आणि तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण विहीणबाई कौतुकाने बघत होत्या, त्यामुळे मी चढलो आणि म्हणालो, "त्यात काय अवघड आहे? माझी ताईसुद्धा करते." हे 'सुद्धा' मी कबूल करतो. तुझी भावजय तुला ते सांगणारच आहे (ती अशा गोष्टी लोणच्यासारख्या मुरवून ठेवते), तेव्हा माझ्याच तोंडून आधी कळलेलं बरं.

पहिला घाणा रविवारी घातला. तुझ्या अक्षरातली कृती समोर होती. मैदा, लोणी, पिठीसाखर मी ग्रॅमच्या काट्यावर तोलली. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या ठेवून पीठ बरोबर पाच मिलिमीटर लाटलं, आणि कामाच्या जुन्या पेटीतलं मोजमापाचं हत्यार काढून दहा ठिकाणी तपासलं. तुझी भावजय दारात उभी राहून म्हणाली, "अहो, हे खायचंय, कुणाच्या तोंडात बसवायचं नाहीये." मी लक्ष दिलं नाही. मात्र साच्याने फुलं पाडल्यावर ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची, असं तू लिहिलं आहेस आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेस, तेवढं सोडून दिलं. आमच्या कामात मेण गार केलं की तडकतं. म्हटलं, ताईची काहीतरी चूक झाली असेल. (चौतीस वर्षांचा अनुभव माणसाला कुठे नेऊन सोडेल सांगता येत नाही.) ट्रेमध्ये आठ फुलं ठेवली होती, बाहेर एकच आलं, चाळीस पाकळ्यांचं. ते आम्ही दोन दिवस मोडून मोडून चहाबरोबर खाल्लं. चवीला उत्तम होतं, त्याचं श्रेय तुझं.

सोमवारी गुपचूप फ्रिजला शरण गेलो आणि बिस्किटं सरळ निघाली. मग फाँडंट. ते उघडं ठेवू नका, वाळतं, असं तुझ्या भावजयीने दातांच्या कण्या करून सांगितलं होतं. मी चष्मा शोधायला गेलो, तो माझ्याच डोक्यावर होता, आणि परत येईपर्यंत त्या गोळ्याला सालपट धरलं होतं. आता प्लास्टर सुकायला लागलं की आम्ही पाणी घालतो. मी पाणी घातलं. त्यानंतरचा एक तास मी कुठेच जाऊ शकलो नाही, कारण दोन्ही हात ओट्याला चिकटले होते, आणि त्यात दाराची घंटा वाजली. (गॅसवाला होता. तो दोनदा वाजवून परत गेला. सिलिंडर कधी येणार ही आता वेगळी काळजी.) मग पिठीसाखर घालून मळलं, पुन्हा मळलं, आणि मनगटाने राम म्हटला. ताई, तू हे रोज करतेस. तीस वर्षं मी तुला सांगत आलो की तू साखर विकतेस म्हणून माझं दुकान चालतं, आणि सगळ्यांना हसवत आलो. तुझी मनगटं कशी आहेत, हे एकदाही विचारलं नाही. आता विचारतो. कशी आहेत?

काल मात्र हात बसला. फुलाच्या मध्याला आणि खालच्या थराला गुलाबी रंग द्यायचा होता. काडीच्या टोकाने एक थेंब घातला, मळला, पुन्हा अर्धा थेंब, आणि असा काही गुलाबी साधला की मलाच भरून आलं. पाकळ्या पांढऱ्या. त्या मी माझ्या जुन्या कोरणीने एकेक घडवल्या. कडेला जरा पातळ, मध्ये फुगीर, वर दोन हलक्या रेघा, टोकाला अगदी नकळत तीन उंचवटे. चौदा फुलं झाली. ओळीने मांडली, हात पुसले आणि तुझ्या भावजयीला हाक मारली.

ती आली, बघत राहिली. मग तोंडावर हात ठेवून हळूच म्हणाली, "अहो, हसतायत."

"कोण?"

"फुलं."

आणि मग मला दिसलं, ताई. ट्रेमधून चौदा कवळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. तो गुलाबी रंग मला साधणारच होता, कारण तो हिरड्यांचा आहे. चौतीस वर्षं मी दुसरा कुठला गुलाबी केलाच नाही. आणि प्रत्येक पाकळी म्हणजे पुढचा पटाशीचा दात. तुझी भावजय समजूत घालायला म्हणाली, जाऊ दे हो, हसतील त्याचे दात दिसतील. अगं, पण इथे कुणी हसायच्या आधीच दिसतायत! तेवढ्यात आमचे डॉक्टर लग्नाची भेट घेऊन आले. (देव माणसाला वेळ साधून पाठवतो.) त्यांनी ट्रेमधलं एक उचललं, उजेडाकडे धरलं, एका पाकळीवर नख ठेवून म्हणाले, "वरचा, मधला, डावा. सुरेख काम. पेशंट कोण?"

तेव्हापासून हात ऐकत नाही. पाकळी गोल करायला जावं तर दाढ होते, निमुळती करावी तर सुळा. आज सकाळी डेझी करायला घेतली होती. काय झालं ते लिहीत नाही. तुझ्या भावजयीने ते फडक्याखाली झाकून ठेवलं आहे. आणि विहीणबाई कोण, तर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या! हातात फूल आलं की त्या आधी पाकळ्या मोजतात, मग उलटं करून देठ बघतात, शनिवारी आमच्या कुंडीशी तेच करत होत्या. ऐंशी पाहुण्यांच्या हातात ऐंशी जबडे जाणार आणि त्या एकेक उलटा करून बघणार. माझं काय व्हायचं ते होवो, पण तुझ्या भाचीला त्या घरात नांदायचं आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते असं अक्षरशः खरं होईल असं वाटलं नव्हतं.

असो. काळजी करू नकोस. मी करतोच आहे, दोघांनी करायची गरज नाही. दाजींना नमस्कार. थंड पाणी त्यांना देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. तू लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी येणारच आहेस, तर येताना ऐंशी फुलं करून आण. साध्या पांढऱ्या खोक्यात, बेकरीचं नाव कुठे दिसता कामा नये. दर दहात एक जरा वाकडं कर, नाहीतर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण फार वाकडं नको, मी इतकाही वाईट नाही. दोन-चार पाकळ्यांवर माझ्या अंगठ्याचा ठसा असता तर बरं झालं असतं, पण तो पोस्टाने कसा पाठवणार? हे फसवणं आहे, मला कळतं. पण मुलीने जन्मात एकदा काही मागितलं आणि बापाला तेही आलं नाही, हे तिला कळण्यापेक्षा फसवणं बरं.

ता. क. दुसरा. वरचं रद्द. पाकिटासाठी डिंक शोधायला आतल्या खोलीत गेलो होतो, तेवढ्यात तुझी भाची ऑफिसातून लवकर आली. बाहेर येऊन बघतो तर ट्रेवरचा कागद बाजूला, आणि एक फूल हातात घेऊन ही आरशासमोर उभी. फूल गालाला लावून, ओठ वर करून बघत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बाबा, ही पाकळी शेजारचीवर जराशी चढलीय. माझ्या दातासारखी. प्रत्येक फुलात एक आहे. मुद्दाम केलंत?" मी हो म्हणालो. (खोटं. मला पत्ताच नव्हता. ती आत गेल्यावर मोजलं. तिच्या हातातलं धरून चौदा फुलं, चौदा पाकळ्या.) मी म्हटलं, अगं, पण ती हसतायत, तुझ्या सासूबाई काय म्हणतील? तर म्हणाली, "त्यांना मी सांगते, हे आमच्या घरचं फूल आहे," आणि ते फूल न खाता रुमालात गुंडाळून घेऊन गेली. तेव्हा खोकं नको. तू शनिवारऐवजी गुरुवारीच ये. फाँडंट मळून दे, पाकळ्या मी करतो. सहासष्ट फुलं राहिली आहेत, आणि आता प्रत्येकात एक पाकळी वाकडी यायलाच हवी म्हटल्यावर हात मुद्दाम सरळ करायला लागला आहे.

ता. क. तिसरा, आणि खरी विनंती हीच. हे मी डॉक्टरांनाही कधी सांगितलेलं नाही. कवळीतले सगळे दात एका रेषेत लावले की ती खोटी दिसते, म्हणून कारागीर एखादा किंचित वाकवतो. कुठला आणि किती, ही ज्याची त्याची खोड. तुझ्या भाचीचे दुधाचे दात पडून नवे आले, त्यातला एक शेजारच्यावर जरासा चढून आला, त्या वर्षापासून मी दरवेळी तोच वाकवत आलो, आणि तेवढाच. वीस वर्षं. गावात कवळी लावून जो कोणी हसतो, तो तिचा दात दाखवून हसतो. तिला हे कळायला हवं असं आज फार वाटतं आहे. पण मी सांगायला लागलो की त्याचं मेणावरचं व्याख्यान होतं. तू सांग. लग्नाच्या दिवशी नको, डोळे सुजतील. शुक्रवारी दुपारी सांग. मी तेवढा वेळ पिठीसाखर आणायला बाहेर जातो.