शीतगृहाची किल्ली

सोमवार, ४ ऑगस्ट
मी आत्याला नाही म्हटलं! वडिलांच्या थोरल्या बहिणीला! टोंगात असं कुणी करत नाही.

आतोबा पहाटे गेले. त्यांचा मुलगा माफी ऑकलंडला असतो. विमान थेट गुरुवारी. बेटावर शवागार नाही, वाऱ्यामुळे राजधानीची बोटही बंद. आत्या कमरेला शोकाची चटई गुंडाळून मी सांभाळते त्या शीतगृहाच्या दारात उभी. "लुपे, तीन दिवस तुझ्या खोलीत ठेवू. पोरगं बापाचं तोंड तरी बघेल."

आत चाळीस घरांचे अळूचे कंद. गुरुवारी न्यूझीलंडचा तपासनीस येणार. आत दुसरं काही ठेवल्याचं कळलं तर निर्यात कायमची बंद! हे सगळं बोलले, की नुसती रडले — आठवत नाही. आत्या चटई सावरत निघून गेली.

मंगळवार
आतोबांना पुरलं. शेजारची तोआ बाजारात म्हणाली, "आत्याचा शब्द मोडलास? घशात गाठ येते हो!" मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन आरशात घसा पाहिला.

बुधवार
बाबांना ताप. डॉक्टरीणबाई म्हणतात, छातीत पाणी झालंय. मला वाटतं, माझं पाप त्यांच्यावर निघालं.

गुरुवार
तपासणीत पास झालो! पाच अंश, काटा जराही इकडे नाही की तिकडे. मंगळवारी पहिला कंटेनर. लोक नाचले.

त्याच विमानातून माफी उतरला. थेट कबरीवर गेला. मी चर्चच्या भिंतीआड लपले. लाज वाटते.

शुक्रवार
बाबांना धाप लागते. भाऊ सेमिसी निघालाय, पण इथलं विमान सोमवारी. फार भीती वाटते. मनात येऊ नये ते येतं — शीतगृहाची किल्ली माझ्याच गळ्यात आहे. देवा, मला असलं काही सुचवू नकोस.

शनिवार, ९ ऑगस्ट
बाबा सकाळी गेले.

उशाशी आत्या बसली. भावाच्या मयताला तो मान थोरल्या बहिणीचा, आज शब्दही तिचाच. मी गळ्यातली किल्ली काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं नुसतं हो म्हणायचा अवकाश होता, मी दार उघडलं असतं. चाळीस घरं गेली खड्ड्यात!

तिनं किल्ली उचलली, परत माझ्या गळ्यात घातली. "उद्या रविवार, देवाचा वार, फावडं लावता येणार नाही. आजच खणायला सांग, पोरी."