ओठाचा एकच कोपरा

३ नोव्हेंबर, सायं. ७.१०
चेहरा-वाचनाचा अभ्यास आज पूर्ण. गुरू नाही, क्लास नाही. फक्त मोबाइल आणि आर्वी बसस्टँडसमोरचं आमचं साडी सेंटर. मूळ भाव सात, बाकी सगळी मिसळ. शुक्रवारी व्यापारी मंडळात माझं व्याख्यान: 'चेहऱ्यावरून गिऱ्हाईक ओळखा'. दुपारी एका बाईच्या भुवया पैठणीसमोर वर गेल्या, तोंड उघडलं. आनंद, खरेदी पक्की. बारा साड्या उलगडल्या. तिला शिंक येत होती. अपवाद.

४ नोव्हेंबर
ज्योत्स्ना म्हणते, कानामागे दुखतं. रिहर्सल ऐकायची वेळ आली की बायकोला हटकून काहीतरी दुखतं.

५ नोव्हेंबर, सकाळ
धक्का. व्याख्यानातला विनोद ज्योत्स्नाला ऐकवला. हसली, पण ओठाचा फक्त डावा कोपरा वर गेला. उजवा जागचा हलला नाही. व्याख्या स्पष्ट आहे: एकच कोपरा वर म्हणजे तुच्छता. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर! मग मुद्दाम चहाही सांडला. वर म्हणे, "तोंडात चहाच थांबून नाई राह्यला." ती माफी मागेपर्यंत माझा अबोला.

६ नोव्हेंबर
पुरावे वाढताहेत. दुपारी झोपली तेव्हा उजवा डोळा अर्धा उघडा. पाळत. दवाखान्यात नेता का म्हणून दोनदा विचारलं. माफीचा शब्द नाही. शेजारच्या सुलोचनाबाई म्हणाल्या, "भाऊ, हिच्या तोंडाकडं पाहा तं जरा." म्हटलं, कालपासून दुसरं काय करतोय!

७ नोव्हेंबर, रात्र
व्याख्यान उत्तम. श्रोते नऊ. मंडळाचे अध्यक्ष नत्थूजी डोळे मिटून चिंतन करत होते. चिंतनात थोडं घोरले.
घरी आलो तर नागपूरहून मयुरीचा व्हिडिओ कॉल. आईला पाहताच पोरगी किंचाळली, "बाबा, आईचं तोंड वाकडं झालं! तुम्ही काय पाहून राह्यले?" मी तिला तुच्छतेची व्याख्या सांगायला घेतली. "फोन आईले द्या," म्हणाली.

८ नोव्हेंबर
वर्धेला दवाखाना. चेहऱ्याची नस सुजली आहे, उजवी बाजू लुळी. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर गोळ्या जास्त लागू पडल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. हे म्हणताना त्यांच्या ओठांचे दोन्ही कोपरे तपासले. काही कळलं नाही.
परतताना एसटीत ज्योत्स्ना म्हणाली, "तुम्ही बोलणंच सोडलं. मले वाटलं, माहं असं तोंड तुमाले पाहवून नाई राह्यलं."
पूर्ण चुकीचं वाचन. अभ्यास नसला की असं होतं. हे तिला सांगणार होतो. पुलगावपर्यंत शब्द जुळवले. मग आर्वी आली.

२ मार्च
डोळा आता मिटतो. गाल तसाच. डॉक्टर म्हणतात, एवढं राहील बहुधा. आरशासमोर रोज व्यायाम करायचा आहे: आनंद, राग, आश्चर्य. आरसा मी धरतो. भाव ओळखायची जबाबदारीही मीच घेतली. अनुभवी माणूस हवा. काल मी राग म्हटलं, ती म्हणाली, आनंद. परवा मी आश्चर्य म्हटलं, ती म्हणाली, अजून सुरूच केलं नाई. प्रगती हळू आहे. तिची.

९ मार्च, सकाळ
आज एकदम जमलं. चेहरा स्थिर, नजर थेट माझ्यावर. आनंद. खात्रीच होती, म्हणून तिला सांगण्याआधी इथं लिहून ठेवलं. मग सांगितलं.
ज्योत्स्ना म्हणाली, "व्यायाम कवाचाच झाला. आरसा ठेवा खाली. मी नुसती तुमच्याकडं पाहून राह्यली."
आरसा खाली ठेवला. ती पाहतच होती.
वर 'आनंद' लिहिलंय, ते खोडायचं आहे. त्या जागी काय लिहायचं, सुचत नाही.