लाल जवारीची भाकर

नवीन जालना, १९७३

चि. गोजरबाईस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. मी बरी हाये. तुझ्यापाशी ठेवलेल्या माझ्या नातवंडांनाबी तसंच सांग.

खानावळ चालू हाये. रेशनच्या लाल जवारीची भाकर मोडती, म्हणून सोमवारी सगळे हमाल ताटावरून उठले. एक म्हणला, "म्हातारे, ही चमच्यानं खायची का?" म्हणलं, "तुझ्या मायला इचार."

मंग पीठ उकळत्या पाण्यात मळलं. हात भाजला, जास्त न्हाई. आता भाकर बिलकुल मोडत न्हाई, पण सांगू कोणाला? दोन दिस झाले, कोणी फिरकलं न्हाई.

तुझा खोकला कसा हाये?

दार सोडून पोस्टात जाववत न्हाई. जो पहिला जेवायला येईल, त्याच्याच हाती हे कार्ड टाकायला देईन. कार्ड मिळालं तर समज, कोणीतरी आलं.

तुझी तुळजाअक्का