तटावर वाळत घातलेल्या सात चादरींबाबत

लिहून ठेवणारी मी, सरकारी इस्पितळाची निवृत्त धोबीण, वय एक्क्याऐंशी. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला माझ्यावर कोणाचा दाब नाही. राग आहे, तो माझा स्वतःचा आहे.

१. राहतं घर आणि मागचं अंगण माझ्या भाचीला. ती माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी.

२. तांब्याचा बंब आणि कोळशाच्या दोन इस्त्र्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला. मेल्याला धड खळ करता येत नाही, निदान अवजारं तरी बरी असू देत.

३. चौकात सेनापतीच्या पुतळ्याखाली लिहिलंय, ‘याने शहर वाचवलं.’ डोंबल वाचवलं! पंचावन्न वर्षांपूर्वी, वेढ्याच्या एकतिसाव्या दिवशी इस्पितळाच्या अंगणात गोळा पडला आणि दोऱ्या तुटल्या. ओल्या चादरी घालायच्या कुठे? ऊन होतं ते तटावर. तिथे सात पांढऱ्या चादरी घातल्या. शत्रूला वाटलं, शहर शरण आलं. त्याने तोफा थांबवल्या. सेनापती तळघरातून वर येऊन ओरडला, “ही फितुरी कोणाची?” चादरी काढायला गेलेली माझी बहीण सापडली. तिला नऊ वर्षांचा तुरुंग झाला. तोफा थांबल्या त्यातून बोलणी झाली, तहाच्या अटी चांगल्या निघाल्या, तेव्हा तह सेनापतीचा झाला, फितुरी तेवढी तिची राहिली; फितुरांची नावं कोरलेल्या दगडावर तिचंही नाव आलं.

४. त्यातली एक चादर माझ्या पेटीत आहे. संग्रहालयवाले ती ‘सेनापतीचं निशाण’ म्हणून मागतात. जनाची नाही, निदान मनाची तरी! त्या फितुरांच्या दगडावरून बहिणीचं नाव काढल्याशिवाय भाचीने त्यांना चिंधीसुद्धा देऊ नये.

५. पुरावा मागतील. पुरावा मी. चादरी तटावर मी घातल्या होत्या. बहिणीला मीच म्हटलं, “ऊन उतरतंय, जा, काढून आण.” तुरुंगात भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, “ताई, तू गप्प राहा. पोरीचा बाप लढाईत गेला, तूही आत आलीस तर तिला बघणार कोण?” मी पोर सांभाळली. बहीण सुटून आली तेव्हा पोर मला आई म्हणत होती आणि तिला बाई. मग तर गप्प राहायचं काही कारण नव्हतं, तरी राहिले. मला आई म्हणवून घ्यायचं होतं. सेनापतीला जन्मभर शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याच्या होत्या.

दगडावर नाव हवंच असेल, तर माझं कोरा.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), शेजारचे घड्याळजी (सही). लाँड्रीवाल्याला वस्तू मिळते, म्हणून साक्षीला घेतला नाही. रुसला तर रुसू दे.

स्थळ: माझी धुण्याची खोली. तारीख: नऊ मार्च, सोमवार.

लिहून ठेवणारीची सही व अंगठा. सही करण्याआधी हा कागद भाचीने वाचला आहे. वाचून ती उठून निघून गेली.