झडपेवरची कुसुम

पनवेल, गुरुवार, ९ जानेवारी १९५८

हे गेल्यावर आज पहिल्यांदा शाळेत गेले. नववीला नेमका हृदयाचा धडा. हेडमास्तर म्हणाले, "बाई, पुढं ढकला." कशाला ढकलायचा? मैदानात चुन्याच्या फक्कीनं हृदयाचे कप्पे आखले आणि मुलींना रक्त केलं. निळी रिबीन घेऊन फुप्फुसाकडे पळायचं, लाल घेऊन परतायचं. शिरढोणहून चालत येणारी कुसुम झडपेवर, हात पसरून. पुढं जाऊ द्यायचं, मागं कुणाला नाही. मुली खिदळत होत्या. मला काहीच वाटत नव्हतं. बोटांची फक्की तेवढी झटकत राहिले.

कुसुमनं विचारलं, "बाई, झडप बिघडली तर?"

"रक्त मागं फिरतं. हृदय थकतं."

यांच्याबद्दल डॉक्टर हेच बोलले होते. माझा आवाज कसा हलला नाही? मुलींनी रिबिनी खाली घेतल्या. सगळ्यांना ठाऊकच होतं. मी पुन्हा फक्की झटकली.

कुसुम म्हणाली, "मी नाय जाऊ देनार कोनाला मागं."

घंटा झाली, सगळ्या पळाल्या. ही तशीच उभी, हात पसरून.

"जा की आता."

"खेळ संपला म्हना बाई, मंग सोडते."

दोनच शब्द. तोंडातून निघेनात. शेवटी मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.