ढोलकी मागितली, पेटी घेतली

बाबूभाई, सलाम.

तुम्ही अल्लाच्या घरी गेल्याला दोन उन्हाळे झाले, आन् आज पत्र घालतेय. मला अक्षर येत न्हाय हे तुम्हाला ठावं हाय. मी बोलतेय, माझी लेक सुशी लिहितेय. बोलते तसंच लिही म्हटलंय, नीट करत बसू नको.

काम असं हाय. सुशीच्या तनूला वाद्य घ्यायचंय. पोरगी नऊ वर्षांची. ताट बडवते, दप्तर बडवते, झोपलेल्या आजीची पाठसुद्धा सोडत न्हाय. उद्या सुशी आन् मी वारणानगरहून कोल्हापूरला जाणार. सुशीनं मोबाईलवर एक कीबोर्ड बघून ठेवलाय, मोठा, दिवे लागणारा. शाळा बुडायला नको म्हणून तनूला न्यायचं न्हाय. मला विचारते, "आई, चांगला हाय की न्हाय?" मी काय सांगू? थकले हो मी आता. विचारावं अशी माणसं एकेक करून गेली, आन् पोरं मलाच विचारत्यात!

कोडोलीत तुमचं दुकान होतं तवा डोकं चालवायची वेळच आली न्हाय. तुम्ही ढोलकी मढवायचा, पेट्या दुरुस्त करायचा, आन् दारातल्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, आधी पोर आणा, मग वाद्य बघू. पोराला पोत्यावर बसवायचं, वाद्य हाताशी द्यायचं आन् आपण चहा पीत बसायचं. खांदे वर चढले तर वाद्य मोठं. दोनदा हात लावून पोर रस्त्याकडं बघायला लागलं, तर ते वाद्य त्याचं न्हवं. एवढ्यावर किती गिऱ्हाइकं परत घालवलीसा! धंदा तुम्हाला कधी जमलाच न्हाय.

सुशीला आणलं ते आठवतंय? तनूएवढीच होती. मांडीवरची ढोलकी सोडंना. मी तिला बाहेर रसाच्या गाड्याकडं पिटाळलं, तवा तुम्ही हळूच म्हणाला, "वैनी, पोरीच्या हातात ताल हाय. हीच घ्या."

आन् मी? पोरीच्या जातीनं ढोलकी बडवली तर बघायला येणाऱ्या पावण्यांना काय सांगू? पेटी द्या म्हणाले. तीही मोठी, वाढत्या अंगाची. फ्रॉक घ्यावा तशी पेटी घेतली बघा.

सुशीचा एक हात भात्याला पुरला तर दुसरा पट्ट्यांना पुरायचा न्हाय. मी तिला आळशी म्हणत राहिले. पुढं पावण्यांसमोर एक गाणं वाजवलं, लग्न जमलं, आन् पेटीला झाकण लागलं ते लागलंच. त्या पावण्यांनी तरी परत कधी म्हटलं का, सूनबाई, जरा पेटी वाजव?

आता खरं ते सांगते. त्या दिवशी पोर रडत होती, म्हणून मी तिला सांगितलं, ढोलकी तुला जमणार न्हाय असं चाचाच म्हणाले. तुमच्या नावावर खपवलं. तुम्हाला पुढं कळलं होतं, तरी तुम्ही तिला काही बोलला न्हाईसा. का हो? एवढी लाज कशाला राखलीसा माझी?

इथं सुशी लिहायची थांबली. म्हणाली, "आई, मी चाचांवर किती वर्षं राग धरला. माझ्या लग्नातसुद्धा त्यांच्याशी धड बोलले न्हाय."

मी म्हटलं, तेही लिही.

रडली न्हाय. मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं, तोही लावला न्हाय. कीबोर्डचं नाव काढलं न्हाय. "उद्या तनूची शाळा बुडू दे," एवढंच म्हणाली.

बाबूभाई, शब्द देते. उद्या दुकानात तनू पुढं बसंल, मी मागं. ती ढोलकीला हात लावू दे, कीबोर्डला लावू दे, न्हायतर ताशाला. तिचा हात जिथं रमंल ते घ्यायचं. तवर मी तोंड उघडणार न्हाय. सुशी म्हणते, हे चाचांना काही खरं वाटायचं न्हाय.

तुमची,
वैनी
आन् सुशी